आधी काम ओळखा, मग पाया खणा
मोहर्ली परिसरातील व्यावसायिक बांधकामे आणि आपले कारागीर

आपल्या समाजात राजमिस्त्री, सुतार, वेल्डर, फरशी बसविणारे, नळकाम व वीजकाम करणारे असे कारागीर गावोगाव आहेत. सिमेंट, लोखंड, रंग आणि हार्डवेअरची दुकाने चालविणारेही पुष्कळ आहेत. घर बांधण्याचे काम यांच्या हाताला बसलेले असते. परंतु गोदाम, गिरणी, गॅरेज, हॉटेल किंवा पर्यटक निवास बांधायचे काम निघाले की तेच कारागीर मजुरीवर काम करतात आणि ठेका बाहेरचा माणूस घेऊन जातो. असे का होते आणि ते कसे बदलता येईल, याचा विचार या लेखात आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्लीच्या उदाहरणाने करीत आहोत.

मोहर्लीच का?

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे इरई जलाशयाच्या काठचे गाव आणि ताडोबाचे एक मुख्य प्रवेशद्वार आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पर्यटक वाढले तशी येथे राहण्याची सोय, उपाहारगृहे, दुकाने, जिप्सी गाड्यांची दुरुस्ती आणि मजुरांच्या खोल्या अशी बांधकामे वाढली. पश्चिमेला घुग्घुस-पडोलीकडे कोळशाचे ट्रक आणि त्यांची गॅरेजे आहेत. पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाचा पट्टा व भातगिरण्या आहेत. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरच्या टापूत अगदी वेगवेगळी गिऱ्हाइके आहेत. जो कारागीर या प्रत्येकाची गरज ओळखेल, त्याला वर्षभर कामाची कमतरता पडू नये.

इमारत हे यंत्राचे कवच

घरात माणसे राहतात, म्हणून घर माणसाच्या मापाने बांधतात. व्यावसायिक इमारत आतल्या कामाच्या मापाने बांधावी लागते. याचा जुना धडा विदर्भातच आहे. जमशेदजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. जागा निवडताना त्यांनी कापसाचा पट्टा, रेल्वे, पाणी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ असल्याचे पाहिले. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटते, म्हणून गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली. कापसाला आग लवकर लागते, म्हणून आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था केली. ती गिरणी आज चालू नाही, पण धडा टिकून आहे: धंद्याला काय लागते ते आधी विचारले गेले, भिंती नंतर उभ्या राहिल्या.

तेव्हा गिऱ्हाईक आले की "किती चौरस फूट?" हा पहिला प्रश्न नसावा. पहिले प्रश्न असे असावेत: आत काय ठेवणार? त्याचे वजन किती? माल कोठून येणार व कोठून जाणार? सर्वांत मोठी गाडी कोणती येईल? यंत्र हादरते का? धूळ, धूर, सांडपाणी किंवा आगीची भीती आहे का? पाच वर्षांनी वाढवायची आहे का? या सात प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घेतली की निम्मा नकाशा तयार झाला म्हणून समजावे.

चौरस फुटाच्या दराचा सापळा

आपल्याकडे ठेका बहुतेक चौरस फुटाच्या दराने ठरतो. घरासाठी हे चालून जाते, कारण सर्व घरांची उंची जवळपास सारखीच असते. आता ६० बाय ४० फुटांची इमारत घ्या. क्षेत्रफळ २४०० चौरस फूट आणि भिंतींची एकूण लांबी २०० फूट. भिंत १० फूट उंच असेल तर बांधकाम २००० चौरस फूट होते. हीच इमारत गोदाम म्हणून १८ फूट उंच हवी असेल तर भिंत ३६०० चौरस फूट होते. जमिनीचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले, पण भिंत ८० टक्क्यांनी वाढली. त्याशिवाय परातीचा खर्च, मधले आडवे बीम आणि उंचीवर काम करणाऱ्याची जास्त मजुरी वेगळीच. ज्याने घराचा दर सांगून हा ठेका घेतला, त्याचा नफा लिंटेलपर्यंतच संपतो. पुढचे काम तो उधारीवर ओढतो, सिमेंट कमी करतो किंवा अर्धे सोडून जातो. यात पैसा जातो आणि नावही जाते.

म्हणून व्यावसायिक कामाचा दर बाबवार द्यावा: खोदाई घनमीटरवर, काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, भिंत व प्लास्टर चौरस मीटरवर, पत्रा व लोखंडी कैची किलोवर. हिशेब थोडा वाढतो, पण दोन्ही बाजूंना न्याय मिळतो.

चार गिऱ्हाइके, चार इमारती

धानाचे गोदाम. धान एका घनमीटरला साधारण ५७५ किलो भरते. पोत्यांची थप्पी ४ मीटर उंच लावली तर प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर सुमारे २३०० किलो भार येतो. भारतीय मानकाप्रमाणे घराच्या खोलीसाठी सुमारे २०० किलो आणि दुकानासाठी सुमारे ४०० किलो भार धरतात. म्हणजे गोदामाच्या जमिनीवर घराच्या अकरापटीहून अधिक ओझे असते. १२ बाय १८ मीटरच्या गोदामात जाण्यायेण्याच्या वाटा सोडून साठ टक्के जागेवर थप्पी लावली, तरी सुमारे ३०० टन, म्हणजे ४० किलोची साडेसात हजार पोती मावतात. तेव्हा जोत्यातील मुरूम थराथराने पाणी मारून ठोकला पाहिजे. भराव एकदम टाकून वर फरशी केली तर ती पहिल्याच हंगामात खचते. जोते ट्रकच्या पाट्याच्या उंचीला जुळवावे, ओल वर येऊ नये म्हणून फरशीखाली जाड प्लॅस्टिकचा थर द्यावा, आणि थप्पी भिंतीला टेकू देऊ नये. घराच्या स्लॅबवर वरचा मजला गोदाम म्हणून देण्याची मागणी आली, तर अभियंत्याच्या लेखी हिशेबाशिवाय हो म्हणू नये.

भातगिरणी. येथे मुख्य गोष्ट हादरा आणि धूळ. यंत्राचा पाया सभोवतालच्या फरशीपासून व भिंतीच्या पायापासून सुटा ठेवावा, नाहीतर हादऱ्याने भिंतीला भेगा जातात. धान वर चढविणाऱ्या एलिव्हेटरची उंची यंत्र देणाऱ्याकडून लेखी घ्यावी आणि त्यानंतरच छपराची उंची ठरवावी. कोंड्याची खोली वाऱ्याच्या दिशेच्या उलट बाजूस, विजेच्या बोर्डापासून दूर ठेवावी. छपराच्या माथ्यावर हवा जाण्याची वाट ठेवावी.

गॅरेज व वर्कशॉप. मालट्रकची रुंदी कायद्याने साधारण २.६ मीटरपर्यंत असते. ट्रक सहज वळून आत यायचा असेल तर दार किमान ४ मीटर रुंद व साडेचार मीटर उंच हवे. जिप्सी गाड्यांच्या गॅरेजला एवढे लागत नाही. खालून दुरुस्तीचा खड्डा आधीच आखावा, कारण मागाहून फरशी फोडणे महाग पडते. तेल-ग्रीसचे पाणी सरळ नाल्यात सोडू नये. ते आधी तेल अडविणाऱ्या टाकीत घ्यावे. मोहर्ली परिसराचे पाणी इरईत उतरते आणि तेच पाणी चंद्रपूर शहर व वीज केंद्र वापरते. वेल्डिंगची जागा रंगकामापासून व बॅटरी चार्जिंगपासून वेगळी असावी. सुतारकामाच्या वर्कशॉपला उत्तरेचा उजेड उत्तम, कारण त्यात सावल्या फारशा पडत नाहीत आणि रंधा मारताना डोळा फसत नाही.

पर्यटक निवास. येथे गिऱ्हाइकाचा धंदा म्हणजे पाहुण्याची झोप आणि जंगलाची शांतता. जनरेटरची खोली निवासापासून लांब असावी. दिवे खाली तोंड करून, कमी उजेडाचे लावावेत. छपरावर साधे कवेलू घालायचे ठरले तर वानरांचा विचार आधी करावा, कारण त्यांच्या उड्यांनी कवेलू फुटतात. कवेलूंखाली पत्रा किंवा फळ्यांचे अस्तर असेल तर पाणी गळत नाही. जंगली जनावरांच्या वाटेवर भिंत घालू नये, आणि कुंपणात घरगुती वीज सोडण्याचा विचारही करू नये. त्यात माणूस मरतो, जनावर मरते आणि गुन्हा दाखल होतो.

जमीन आणि परवानगी

कारागीर म्हणतो, "कागद मालकाचे, आपल्याला काय?" पण काम बंद पडले तर शेवटची थकबाकी कारागिराचीच बुडते. म्हणून चार गोष्टी स्वतः पाहाव्यात.

पहिली, सातबारा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर तिच्या हस्तांतरावर महसूल कायद्याची बंधने असतात. दुसरी, सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" अशी नोंद आहे का? विदर्भात हा प्रश्न मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानल्या आहेत. अशा जागेवर मालक कितीही खात्री देत असला तरी पाया खणू नये. तिसरी, ताडोबाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. त्याची अधिसूचना २०१९ साली निघाली. अशा क्षेत्रात संरक्षित जंगलाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवे व्यापारी हॉटेल अथवा रिसॉर्ट बांधता येत नाही. पर्यावरण-पर्यटनासाठीची लहान तात्पुरती बांधकामे हा अपवाद आहे. प्रदूषण करणारे कारखाने व नव्या आरागिरण्या यांनाही तेथे बंदी असते. चौथी, बांधकाम परवानगी. गावठाणाबाहेर केवळ ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरेसा नसतो. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि मंजूर नकाशा त्याप्रमाणे लागतो. मंजूर नकाशाची एक प्रत आपल्याजवळ ठेवूनच काम सुरू करावे.

साहित्य जवळचे, पण पारखून

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याच्या राखेपासून बनणाऱ्या विटा व ठोकळे या भागात मिळतात. वीज केंद्रांच्या परिसरात राखेचा माल वापरण्याचे बंधन १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून आले आणि त्याची कक्षा पुढे ५० किलोमीटरवरून १००, मग ३०० किलोमीटर झाली. ही वीट मापात सारखी असते, प्लास्टर कमी लागते. मात्र पुरेसे पाणी मारून मुरलेली वीटच घ्यावी. कच्ची वीट कडेने झडते.

सागवान येथील अभिमानाचे लाकूड आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही २०२३ साली बल्लारशाहहून सागवान गेले. पण सागवानातही फक्त आतला गाभा वाळवीला दाद देत नाही. बाहेरचा पांढरा भाग तिला आवडतो. प्रत्येक लाकडासोबत वनखात्याचा वाहतूक परवाना हवाच. स्वस्त मिळाले म्हणून बिनकागदी लाकूड घेणारा दुकान आणि गाडी दोन्ही धोक्यात घालतो.

बांबूबद्दलही दोन शब्द. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ पासून वन कायद्यातील "झाड" या व्याख्येतून वगळले आहे, त्यामुळे त्याचा व्यापार सोपा झाला. चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथे हे काम शिकविले जाते. बांबू थंडीत तोडावा, बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावा, जमिनीला टेकू देऊ नये आणि वर छपराच्या वळचणी रुंद ठेवाव्यात. मात्र आगीचा विसर पडू नये. याच केंद्राच्या बांधकाम चालू असलेल्या बांबूच्या इमारतीला फेब्रुवारी २०२० मध्ये मोठी आग लागली होती. म्हणून बांबू-लाकडाच्या कामावर वेल्डिंग, बिडी आणि उघडी वीज यांना थारा नको. पाण्याचे पिंप व वाळूच्या बादल्या पहिल्या दिवसापासून हाताशी हव्यात.

भद्रावती-वरोऱ्याकडे काळ्या मातीचा पट्टा आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया टिकत नाही. मुरूम लागेपर्यंत खोल जावे. तो फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने खाली फुगीर तोंडाचे काँक्रीटचे खांब घालावेत. उन्हाचाही हिशेब करावा. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्या घरात जातो. लांब भिंती उत्तर-दक्षिणेस तोंड करून असाव्यात, पश्चिमेला खिडक्या कमी ठेवाव्यात, पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि माथ्यावर झरोके सोडावेत. ज्या वर्कशॉपमध्ये दुपारी दोन वाजता हात चालत नाहीत, ते मालकाला रोज अर्धा दिवस तोट्यात घालते.

दिनदर्शिका समोर ठेवून काम घ्या

या भागाची कामाची दिनदर्शिका निराळी आहे. व्याघ्र प्रकल्पाचे मुख्य क्षेत्र पर्यटकांसाठी साधारणपणे १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. म्हणून हॉटेलवाला दुरुस्ती नेमकी पावसाळ्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि गावातील मजूर तिकडे जातात. जुलैत धानाची रोवणी येते, मजूर पुन्हा कमी होतात. म्हणजे मे महिन्यात पाया व छप्पर एकदम पुरे करण्याचे वचन देणारा ठेकेदार स्वतःलाच फसवितो.

शहाणपणाची आखणी अशी: दिवाळीनंतर पाया, मार्चअखेर भिंती व स्लॅब, जूनच्या पहिल्या आठवड्याआधी छप्पर. पावसाळ्यात फक्त आतली कामे घ्यावीत, म्हणजे वायरिंग, नळ, फरशी, दारे. रंग ऑक्टोबरमध्ये, कारण ओल्या भिंतीवरील रंगाचे पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. ही आखणी करारालाच जोडली की उशिराचा दोष कोणाचा, हा वाद राहत नाही.

मजुराचा जीव

मोहर्ली परिसरात वाघ-बिबट्याचा वावर ही रोजची गोष्ट आहे. कामाची वेळ उजाडल्यानंतर सुरू करून अंधाराआधी संपवावी. मजुरांची राहण्याची जागा उजेडात आणि कुंपणात हवी. संडास कामाच्या जागीच बांधावा, म्हणजे पहाटे बायका-मुलांना झुडपात जावे लागणार नाही. सरपणासाठी जंगलात पाठविण्याऐवजी गॅसची सोय करावी. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये, कारण त्यावर कुत्री-डुकरे येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. याचा खर्च ठेक्याच्या किमतीत आधीच धरावा. तो "फालतू खर्च" नव्हे.

उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा व शिरस्त्राण द्यावे. ज्या कारागिराने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले आहे आणि ज्याचे वय १८ ते ६० आहे, त्याने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी. ९० दिवसांचा दाखला देणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. त्यात कुचराई करू नये.

कागद आणि कर

देण्याघेण्याचे लिहून ठेवावे, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. तरीही बांधकामात तिचाच सर्वांत जास्त विसर पडतो. करारात कामाचे वर्णन, मंजूर नकाशाचा क्रमांक, बाबवार दर, साहित्य कोण देणार, मुदत आणि पैसे देण्याचे टप्पे असावेत. टप्पे जोता, लिंटेल, छप्पर, प्लास्टर व ताबा असे ठेवता येतात. प्रत्येक टप्प्याला दोघांच्या सह्यांची मोजमाप वही हवी. मालक नागपूर-मुंबईत राहतो आणि फोनवरून "एक खोली वाढवा" म्हणतो. त्याच दिवशी वाढीव कामाचा दर लिहून पाठवावा व होकार लेखी घ्यावा. पाच टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत मालकाकडे अनामत ठेवण्याची तयारी आपणहून दाखवावी. ज्याला आपल्या छपराची खात्री आहे त्याचे यात काही जात नाही, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र मिळतो.

व्यावसायिक बांधकामाच्या ठेक्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. दर सांगताना तो धरून की सोडून, हे स्पष्ट करावे. हा खुलासा राहिला तर सगळा नफा करात जातो. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुने दरपत्रक पुन्हा तपासावे. बिलातून आयकराची कपात होते, वैयक्तिक ठेकेदाराची १ टक्का आणि भागीदारी संस्था वा कंपनीची २ टक्के. विवरणपत्र भरणाऱ्याला ती हिशेबात परत मिळते. न भरणारा ती सोडून देतो.

एकट्याने नव्हे, टोळीने

मोठा ठेका एकट्या मिस्त्रीला झेपत नाही, हे खरे. पण एक मिस्त्री, एक वेल्डर, एक वीजकाम करणारा, एक हार्डवेअर दुकानदार आणि फी देऊन बांधलेला एक पदवीधर अभियंता अशी पाच जणांची नोंदणीकृत भागीदारी करता येते. दुकानदाराला माल खपण्याची हमी मिळते, कारागिराला मजुरीऐवजी वाटा मिळतो आणि गिऱ्हाइकाला एकाच दारात सगळे काम मिळते. भागीदारीत नफ्याप्रमाणे तोट्याचाही वाटा आधीच लिहून ठेवावा.

सुरुवात लहान करावी: एक दुकान, मग एक गॅरेज, मग गोदाम. प्रत्येक कामानंतर वर्षाने तेथे जाऊन फरशी खचली का, पत्रा गळतो का, दार अपुरे पडते का हे विचारावे. त्या उत्तरांची वही पुढच्या ठेक्याच्या वेळी जवळ ठेवावी. चंद्रपूर-गडचिरोलीत पुढच्या वर्षांतही गोदामे, गिरण्या आणि निवास बांधले जाणारच आहेत. त्यांच्या भिंती आपल्याच कारागिरांच्या हातून उभ्या राहतील. ठेका कोणाच्या नावावर असेल, हे आजच्या तयारीवर अवलंबून आहे.